मशीननं हवा धरली तेव्हा

आता तुम्हीच सांगा, विहिरीवर सहा वर्षांपूर्वी जळालेल्या पाण्याच्या मोटारीचा आणि माझ्या इथल्या मशीनचा काय संबंध? पण नाही... आण्णांचं बोलणं कुठूनही निघालं तरी त्या मोटारीवरच येऊन थांबतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. गावी असतात, म्हसवडजवळ. माझ्याशी सरळ बोलत नाहीत. मी आईला फोन लावायचा आणि त्यांनी मागून ओरडायचं, असं आमचं चालतं. मशीन घेतली म्हटल्यावर मागून आवाज आलाच, "त्याला इचार, ही पण जाळणार हाय का?"

मी पण गप्प बसणारा नाही. "आई, त्यांना सांग, तवा व्होल्टेज कमी होतं!" सहा वर्षं माझं हेच उत्तर.

मशीन म्हणजे गवत कापायची, पण वर बसून चालवायची. छोट्या ट्रॅक्टरसारखी. मी दिल्लीच्या बाहेर एका फार्महाऊसवर लॉनच्या कामाला आहे. त्याआधी मामाच्या दुकानात सोनं-चांदी गाळायला होतो, त्याआधी कुपवाडला वर्कशॉपमध्ये... शाळा तर नववीतच सुटली. एका जागी मन लागत नाही, हे खरंय.

तर ही मशीन गरम झाली की चढाला थांबायची. मग सपाटीला पण हलेना. इंजिन ठणठणीत, पण चाकं जागची हलत नाहीत. मॅनेजरनं नवी मागवली आणि हिला भंगारात काढलं. भंगारवाल्यानं जो भाव लावला, त्याच भावात मी मागून घेतली, पगारातून कापून.

कारण शेजारच्या फार्महाऊसवाल्यानं शब्द दिला होता. रविवारी त्यांच्याकडं लग्न, त्याआधी लॉन कापून दिलंस तर वर्षाचं काम तुझं. म्हणजे स्वतःची मशीन, स्वतःचा धंदा...

बुधवारी सुट्टी होती. खोलीसमोर मशीन विटांवर चढवली, मागची चाकं काढली आणि खालचा ट्रान्सअ‍ॅक्सल उतरवला. हा म्हणजे गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल एकाच डब्यात. आत ऑइलच्या प्रेशरवर चाकं फिरतात. ऑइल काढायला खाली बोल्टसुद्धा ठेवलेला नाही. शेवटी अख्खा डबा उलटा केला. काळं, पाण्यासारखं पातळ ऑइल बाहेर आलं, जळका वास मारत होतं.

डब्यावरच्या पंख्यात वाळलेलं गवत गच्च बसलेलं. ते खरडून काढलं. नवीन ऑइल भरलं, चाक बसतं तिथं ग्रीस लावलं. कुपवाडला जे काय शिकलो ते सगळं वापरलं.

सगळं बसवलं, मशीन विटांवरच ठेवून स्टार्टर मारला, इंजिन लागलं... आणि पुढं काहीच नाही! चाकं ढिम्म. आतून नुसतं कुंईऽऽ. चाकं फिरवायची दांडी पूर्ण पुढं, पूर्ण मागं, परत पुढं... अर्धा तास झटलो. मग पाना भिंतीवर फेकला. खोटं कशाला बोलू, भंगारवाल्याचा नंबर काढून ठेवला होता.

पण त्याआधी कुणावर तरी चिडायचं होतं, म्हणून आईला फोन लावला. दोघं विहिरीवर होते, नुकतीच लाईट आली होती. आणि फोनमधून आवाज आला, कुंईऽऽ... हुबेहूब माझ्या मशीनचा!

"आई, त्यो आवाज कसला?"

"मोटारीचा रं. पाणी उचलंना. हवा धरलीया."

मी म्हणालो, "आण्णांना दे."

आईनं फोन बाजूला धरला. मग लांबून, "आवं, तुमाला मागतोय. व्हय, तुमालाच!"

आण्णांनी फोन घेतला. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी असली मशीन कधी बघितली पण नाही.

"त्याल नवं भरलंस न्हवं?"

"व्हय."

"मग आत हवा ऱ्हायली. मोकळं सोडायला काय हाय का त्याला?"

होतं! मशीन हातानं ढकलायची असली की चाकं मोकळी करायला मागं एक खटका असतो.

"त्यो सोड. दमानं फुडं घे, दमानं मागं घे. हवा निघंस्तवर. आन तितनं हलायचं न्हाई. चालू टाकून क्रिकेटला पळायचं न्हाई."

मी फोन स्पीकरवर टाकून सीटवर ठेवला. खटका मोकळा केला, इंजिन लावलं. पुढं... मागं... पुढं... मग खटका बंद करून परत तेच. मला दहा मिनिटं एकच गोष्ट करायची म्हणजे शिक्षाच. तिकडं आण्णा पंपात पाणी ओतत होते. फोन मात्र दोघांपैकी कुणी ठेवत नव्हतं.

आधी तिकडचा आवाज बदलला, भरदार झाला. "उचललं बग," आई म्हणाली. मग इकडं माझ्या मशीनचं चाक झटका देऊन हललं, थांबलं, परत हललं... आणि फिरायला लागलं! मी एकटाच ओरडलो. शेजारची माणसं बाहेर आली, काय झालं बघायला.

"जाळू नगंस म्हंजी झालं," आण्णा म्हणाले आणि फोन आईकडं दिला. पण आवाजात हसू होतं. मला कळतं ते.

कमी झालेलं ऑइल परत भरलं. शनिवारी लॉन कापून दिलं, चढाला एकदासुद्धा थांबली नाही. वर्षाचं काम मिळालं, अ‍ॅडव्हान्स पण.

आण्णा फेसबुकवर आहेत. लाईक करत नाहीत, पण वाचतात सगळं, आईनं सांगितलंय. म्हणून इथंच लिहितो. फोनवर मला जमणार नाही.

आण्णा, त्या दिवशी व्होल्टेज बरोबर होतं. मी बटन दाबून मॅचला पळालो होतो, पाणी उचललं की नाही ते बघायला थांबलोच नव्हतो. मोटार कोरडीच फिरत राहिली आणि जळाली. मोटारीची जळालेली वायंडिंग परत भरून घ्यायला तेव्हा तुमचे जेवढे गेले, तेवढे आज आईच्या खात्यावर पाठवतोय... चार हजार सहाशे.