देवघरातली पेटी आणि जळालेली मोटार

आमचे आप्पा वारल्यानंतर चार महिन्यांनी मला रागावले.

सकाळचे सहा वाजले होते, बाहेर दाट धुकं होतं, आणि बैठकीतल्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. यात आप्पांची काही चूक नव्हती. चूक संगणकाची होती, म्हणजे माझी. (मी पेडगावला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. हे नेमकं काय काम आहे, असं आप्पांनी मला सात वेळा विचारलं होतं. सातव्यांदा ‘बरं’ म्हणून त्यांनी विषय सोडला.)

आप्पा रोज सकाळी शंकराची भजनं म्हणायचे. शेवटची दोन वर्षं मी त्यांच्यासमोर माइक ठेवून ती संगणकात उतरवली. संगणक म्हणजे जिन्याखाली ठेवलेला जुनाट डबा, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटची प्रणाली. भजनं मात्र त्याच्यात राहत नव्हती. ती राहायची एका वेगळ्या पेटीत, दोन मोठ्या हार्डडिस्कच्या, वायरीने जोडलेल्या. संगणक सुरू होताना ही पेटी आपोआप त्याला जोडली जावी म्हणून मी एका फाईलमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती. ती जोडली गेली की संगणकातल्या ‘आप्पा’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळी भजनं दिसायची.

आप्पा गेल्यावर आईचं जेवण तुटलं. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मग मी रोज सहाला त्या फोल्डरमधलं कुठलंही एक भजन आपोआप वाजेल अशी सोय केली. पहिल्या दिवशी आई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत बसली आणि त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली. मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच काहीतरी कामाचं केलं.

दुसऱ्या दिवशी आईने ती पेटी माझ्या टेबलाखालून उचलून देवघरात नेली. ज्याच्यात त्यांचा आवाज आहे ते पायापाशी ठेवायचं नाही, असं तिचं म्हणणं. पेटीला भस्माचे तीन पट्टे ओढले, वर बेलाचं पान ठेवलं. मी हरकत घेतली नाही. देवघर थंड असतं आणि तिथवर वायर पोचत होती. एकच अडचण होती. लाईट जाऊन आली की संगणक आपला आपण सुरू व्हायचा, पण पेटीचं बटण हाताने दाबावं लागायचं. आणि आमच्या घरी अंघोळ केल्याशिवाय देवघरातल्या कशालाही हात लावत नाहीत. तेव्हा बटण दाबणं हा आईच्या पूजेचाच भाग झाला. आधी दिवा, मग बेल, मग बटण. (कंपनीत मी असा सर्व्हर पाहिला असता तर तो लावणाऱ्याला घरी पाठवलं असतं.)

तर त्या धुक्याच्या सकाळी सहा वाजले. भजनाच्या आधी टाळ वाजतो, तो वाजला नाही. नुसती खरखर आली. मग कोणीतरी खाकरलं. ती खाकर घरातल्या भांड्यांनासुद्धा ओळखू आली असती. आणि मग, अगदी कानाशी बसून बोलावं तसा आवाज आला.

“बाळ्या. इकडं ये. त्या मोटारीचं...”

मी स्पीकरची वायर उपटली.

आई देवघराच्या दारात उभी होती, हातातला तांब्या तिरपा झालेला, पाणी पायावर सांडत होतं. माझी बायको रेणुका चहाचं पातेलं धरून स्वयंपाकघरातून बाहेर आली होती आणि ते खाली ठेवायचं विसरली होती.

“हे भजन न्हाई,” आई म्हणाली. “हे मी कधी ऐकलंच न्हाई.”

मीही ऐकलं नव्हतं. मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि फोल्डर उघडलं. सगळी भजनं जागच्या जागी होती. एकेक फाईल वाजवून पाहिली, दुपार झाली. ती खाकर, तो ‘बाळ्या’, कुठेच नव्हतं. पेटीत नाही, संगणकात नाही. आवाज आला होता आणि तो कुठूनच आला नव्हता. मी हिशेबाने चालणारा माणूस, पण त्या दिवशी जिन्याखाली एकटा बसायला मला भीती वाटली.

आता वायर मी का उपटली ते सांगतो. सव्वादोन वर्षांपूर्वी मी शेतातल्या विहिरीवरची मोटार जाळली होती. विहिरीत पाणी आहे की नाही ते न बघता बटण दाबलं, फोनवर बोलत बसलो आणि मोटार कोरडी फिरून खाक झाली. आईचा राग आप्पांना माहीत होता. त्यांनी तिला सांगितलं, माझ्या हातून जळाली. मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही. पुढची दोन वर्षं आई त्यांना मोटारीवरून बोलत राहिली, अगदी दवाखान्यातसुद्धा, आणि आप्पा मान हलवत राहिले. आता चार महिन्यांनी ते तोंड उघडत होते.

आठ दिवसांनी पुन्हा तेच झालं. खरखर, खाकर, “बाळ्या. इकडं ये. त्या मोटारीचं तुला...” आणि मी पुन्हा वायर उपटली. या वेळी आईने पाहिलं.

“बोलू दे की त्यांना! कायतरी राहिलंय त्यांचं, सांगायलेत ते, आन् तू गळा दाबायलास?”

त्या दिवसापासून आई पुन्हा दोन घासांवर आली. भजन लागलं तर उठून जायची. तिला तो दुसरा आवाज हवा होता. आप्पांच्या भजनातले जोडीदार विश्वनाथकाका आले, आणि माणसाचं बोलणं अर्धं राहिलं तर त्याला शांती नसते, असं जड आवाजात सांगून गेले. आई पेटीसमोर चहाची कपबशी ठेवू लागली. चहा निवायचा, साय धरायची. देवघराच्या अंधारात पेटीचा हिरवा दिवा डोळा मिचकावत राहायचा आणि मी त्याच्यासमोरून नजर खाली घालून जायचो.

कोडं सोडवलं रेणुकाने. ती दुधाच्या कॅलेंडरवर पाण्याची आणि लाईटची पण खूण करते.

“अहो,” ती म्हणाली, “दोन्ही वेळी पहाटे लाईट गेली होती. लाईट गेली की आप्पा बोलतात.”

मी तिला समजावलं की मी या क्षेत्रातला माणूस आहे आणि असं काही नसतं. तिने माझं बोलणं पूर्ण ऐकलं आणि सकाळी अकराच्या उन्हात जाऊन घराचा मेन स्विच पाडला. पाच मिनिटांनी वर केला. जिन्याखाली संगणक घुरघुरला. आई सवयीने देवघराकडे निघाली तर रेणुकाने तिचा हात धरला. पेटी अंधारीच राहिली. मी फोल्डर उघडलं.

भजनं नव्हती. एकच फाईल होती. नाव होतं ‘चाचणी’.

तेव्हा मला आठवलं. सव्वादोन वर्षांपूर्वी माइक पहिल्यांदा लावला तेव्हा पेटी अजून जोडलेली नव्हती. मी आप्पांना माइकसमोर बसवलं, काहीतरी बोला म्हणालो आणि वायर आणायला आत गेलो. फाईल तयार झाली एवढंच पाहिलं, ऐकली नाही. मग त्याच फोल्डरवर पेटी जोडली. भिंतीवर काही लिहावं आणि त्यापुढे कपाट उभं करावं, तसं ते झालं होतं. कपाट आहे तोवर अक्षरं दिसत नाहीत. दिवसा लाईट आली की आई लगेच बटण दाबायची, म्हणून कपाट वेळेत यायचं. पण पहाटे तिच्या अंघोळीआधीच लाईट यायची, संगणक उठायचा, पेटी झोपलेली, कपाट आलेलंच नसायचं. नंतर आईने बटण दाबलं तरी संगणक पुन्हा बघायचा नाही. आणि मी तपासायला संगणक नव्याने सुरू केला की कपाट पुन्हा जागेवर!

हे सगळं मी जोरात समजावत होतो. समजावत राहिलो तर ते वाजवावं लागणार नाही, अशी मला आशा होती. आई स्पीकरसमोर येऊन बसली आणि तिने वायर स्वतःच्या मुठीत धरली.

“लाव,” ती म्हणाली.

खरखर. खाकर.

“बाळ्या. इकडं ये. त्या मोटारीचं तुला सांगायचं हाय. आधी तिकडं पाणी हाय का बघावं, मग इकडं बटण दाबावं. येवढं शिकलास, आन् येवढं कळंना तुला? काल जाळलीस मोटार. तुझ्या आईला मी म्हणलं, माझ्या हातनं जळाली. ती मला बोलती, पर माझ्यासंगं जेवती. तुझ्यावर रागावली की उपाशी निजती. ऐकायलास का?”

“हो,” मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आप्पा थांबले.

आई उठली, देवघरात गेली, पेटीसमोर बसली. “दोन वर्षं बोलले मी तुमाला,” ती म्हणाली. “सांगायचं न्हाई का?” मला रडू आलं आणि लाजही वाटली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी जिन्याखाली जाऊन पेटी जोडणाऱ्या त्या ओळीत दुरुस्ती केली. दुरुस्ती काय, तर आधी तिकडची पेटी जागी झाली का बघायचं, मग जोडायचं, आणि तोवर घाई करायची नाही. आप्पांना लिनक्स माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्या दुपारी आईने दीड भाकरी खाल्ली. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती चाचणी पेटीत टाक. सकाळला तीच लाव. भजन दुपारी ऐकीन.”

आता पहाटे लाईट जावो नाहीतर येवो, पेटी कितीही उशिरा उठो, संगणक शहाण्यासारखा तिची वाट बघतो, आणि आईची पूजा झाली की आप्पा अख्ख्या गल्लीला सांगतात की मोटार कोणी जाळली. आजवर माझ्या हातून झालेलं, एकदाही न चुकलेलं एकच काम, ते हेच.