मी मागून बसते

साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चित्रलेखाबाई ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून द्यायचे ते दिवस. बोर्डासमोरची खुर्ची सोडायची, तर बदली बाई येऊन बसायला हवी, आणि ती वेळेवर येईल याची खात्री कधीच नसे. म्हणून पाणी बेतानं प्यायचं आणि डबा उघडला की भराभर घास घशाखाली ढकलायचे, ही सवय त्यांना विशीतच जडली. नोकरी संपली, एक्स्चेंजमधले ते बोर्ड गेले, पण सवय राहिली.

घरी दुसरी सवय. सगळ्यांना गरम गरम वाढायचं आणि आपण मागून बसायचं. सासूबाई तसं करत, आईही तसंच करायची, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं चित्रलेखाबाईंना वाटलंच नाही. त्यांचे यजमान नरेंद्र शाळेत चित्रकला शिकवत. त्यांचं जेवण आधी होई, पण ते हात धुऊन परत पाटावर येऊन बसत. एखादं संत्रं सोलत, शाळेतल्या गमती सांगत, आणि सोललेल्या फोडी बायकोच्या ताटाच्या कडेला ठेवत. घास तोंडात असताना हसू आलं की चित्रलेखाबाईंना थांबावं लागे. म्हणजे घरचं जेवण तरी सावकाश व्हायचं.

नरेंद्र गेल्यावर मुलानं, यतिननं, आईला मेलबर्नला आणलं. ग्लेन वेव्हर्लीला घर, मुलीसाठी चांगल्या शाळेच्या हद्दीत हट्टानं घेतलेलं. घरात चार माणसं आणि जेवणाच्या वेळा तीन. नात ओवी स्विमिंगहून आली की साडेपाचलाच भुकेनं कासावीस. सून यामिनी सातच्या पुढे ऑफिसातून यायची. यतिनच्या हाताखालची टीम पुण्यात, तिथली दुपार म्हणजे इथली संध्याकाळ. त्याचे कॉल संपायला साडेनऊ वाजत. चित्रलेखाबाई प्रत्येकासाठी नव्यानं तवा ठेवत आणि फुलका तव्यावरून थेट ताटात टाकत.

“आई, तुम्ही बसताय ना?” यामिनी विचारायची.

“तू घे गं, मी मागून बसते.”

यामिनीला वाटे, त्या यतिनबरोबर बसतात. यतिनला वाटे, आई यामिनीबरोबर जेवली असेल. प्रत्यक्षात यतिन ताट सिंकमध्ये ठेवून शेवटचे ईमेल बघायला वर गेला, की चित्रलेखाबाई उरलेला भात-आमटी वाटीत घेऊन ओट्याशी उभ्यानंच खात. पाच मिनिटांचं काम. मग ओटा पुसून थेट अंथरुणावर.

पोटानं कुरबूर सुरू केली ती दुसऱ्या वर्षापासून. आडवं झालं की छातीत जळजळ, सकाळी पोट दगडासारखं, मग एखाद्या दिवशी एकदम धावपळ. पाचव्या वर्षी जानेवारीतल्या सुट्टीत सगळे गाडीनं निघाले होते. दोन तासांवरच्या बॅलरॅटपर्यंत पोचेतो त्यांच्यासाठी तीनदा गाडी थांबवावी लागली. तिसऱ्यांदा पेट्रोल पंपाच्या संडासाबाहेर रांग होती. पुढे काय झालं ते यामिनीनं कधी कुणाला सांगितलं नाही, तिनं फक्त आपलं जॅकेट सासूच्या कमरेला बांधलं आणि यतिनला म्हणाली, “घरी चल.” गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. चित्रलेखाबाईंना तेच सगळ्यात जास्त लागलं.

त्यानंतर त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. आधी देवळातलं भजन सुटलं, मग सीनियर्सचा बुधवारचा ग्रुप. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, पोटात कॅमेराही घालून पाहिला. गंभीर काही निघालं नाही. मग घरगुती उपाय सुरू झाले. पुण्याहून कुणी त्रिफळा सांगितला, कुणी इसबगोल. एका व्हिडिओत डाळ वाईट, दुसऱ्यात दूध वाईट, तिसऱ्यात गहू तर विषच. चित्रलेखाबाई आज्ञाधारक; सांगेल त्याचं ऐकलं. ग्रुपमधल्या अंजूताई एकदा भेटायला आल्या आणि ताटातला दुधी आणि मऊ भात बघून म्हणाल्या, “चित्रा, आता फक्त हवा खायची राहिलीस गं.”

“हवेनं तर पोट फुगतं,” चित्रलेखाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. पण ब्लाऊज सैल झालेत हे अंजूताईंच्या नजरेतून सुटलं नाही.

मेलबर्नला येऊन सहा वर्षं झाली, त्या मार्चमध्ये ॲडलेडहून फोन आला. बाळदादांचा. चित्रलेखाबाईंचे थोरले भाऊ, ऐंशी ओलांडलेले. लेकीकडे, देवयानीकडे, मॉसन लेक्सला आले होते.

“चित्रे, ईस्टरनंतर मी परत चाललो. पुन्हा एवढा प्रवास या हाडांना झेपायचा नाही. आता तूच ये.”

“येते की रे दादा,” त्या म्हणाल्या. दादाला बघितल्याला सात वर्षं झाली होती. नरेंद्र गेले तेव्हाही त्याला येता आलं नव्हतं.

“ईस्टरला आपण सगळेच जाऊ, आई. ड्राइव्ह करू,” यतिन म्हणाला.

“तुम्ही जा. मी घर बघते.”

“घराला काय बघायचंय? ते कुठे पळून चाललंय?”

“आठ-नऊ तासांचा रस्ता आहे यतिन.”

“मग विमानानं जाऊ.”

“आणि तिथं पट्टा बांधायचा दिवा लागला म्हणजे?”

यामिनी उठली आणि फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. दुसऱ्या आठवड्यात तिनं अर्धा दिवस सुट्टी काढून सासूला डॉक्टरांच्याच क्लिनिकमधल्या डाएटिशियनकडे नेलं.

ही डाएटिशियन केट नावाची, पन्नाशीची बाई होती. चित्रलेखाबाईंनी काय काय सोडलंय ते सगळं तिनं ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाली, काय खाता ते मला कळलं. आता कालचा दिवस सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत, जसा गेला तसा.

चित्रलेखाबाईंचं इंग्रजी ट्रंक कॉलच्या काळातलं, जुनं पण स्वच्छ. त्यांनी चहापासून सुरुवात केली. इसबगोल किती पाण्याबरोबर, असं केटनं विचारलं.

“टू सिप्स.”

केटनं पेन खाली ठेवलं. तिनं समजावलं, इसबगोल पाणी धरून फुगतं. पाणीच नसेल तर ते आत लगद्यासारखं बसून राहतं. मोठा ग्लासभर पाणी घ्यायला हवं, आणि दिवसभरही. पाणी का पीत नाही?

“वरचा फ्लश फार वाजतो. ओवीची झोप मोडते,” त्या मराठीत यामिनीला म्हणाल्या. “आणि सवयच नाही मला.”

यामिनीनं भाषांतर करता करता सासूकडे पाहिलं. ओवी वादळातही ढाराढूर झोपते हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“अँड डिनर?” केटनं विचारलं.

“यतिनचं झालं की.”

“म्हणजे यतिनबरोबर,” यामिनी म्हणाली.

“नाही गं. त्याचं झालं की.”

“कुठं बसता पण तुम्ही?”

चित्रलेखाबाईंनी पदर सारखा केला. यामिनीच्या डोळ्यांसमोर ओट्यावरची ती वाटी आली असावी. सकाळी ती विसळलेली, पालथी घातलेली दिसायची. तिला वाटायचं, नैवेद्याची असेल.

“रोज? सहा वर्षं?”

“अगं, त्यात काय एवढं. मी मागून बसते म्हणून सांगत होते की तुला.”

यामिनीनं ते सगळं केटला सांगितलं. केटनं लांबलचक यादी दिली नाही. संध्याकाळचं जेवण लवकर, बसून, चावून, आणि शक्यतो कुणाच्या तरी सोबतीनं. जेवणानंतर थोडं चालणं. पाणी. डाळ थोडी थोडी परत सुरू, मुगापासून. विनाकारण काहीही सोडायचं नाही. दुखलं, वजन आणखी उतरलं, तर डॉक्टरांकडे यायचं. महिन्याभरात जादू होणार नाही, असंही तिनं बजावलं. ईस्टर त्याच्याही आधी होता.

घरी आल्यावर यामिनीनं नवऱ्याला कॉलवरून उठवलं. हेडफोन खाली ओढत यतिन म्हणाला, “काय झालं?”

“तुझी आई सहा वर्षं ओट्याशी उभी राहून जेवतेय. तुला माहीत होतं?”

“ती तुझ्याबरोबर जेवते ना!”

“मला वाटत होतं तुझ्याबरोबर.”

चित्रलेखाबाई मध्ये पडल्या. “माझ्या पोटासाठी याच्या कामाचा खेळखंडोबा नको. पुण्याची माणसं खोळंबतील.”

“खोळंबू देत. त्यांचा जेवणाचा टाइम असतो तेव्हा,” यतिन म्हणाला. त्यानं खरंच पावणेसात ते साडेसात कॅलेंडर बंद करून टाकलं. ओवीला आधी फळं-बिळं देऊन थोपवायचं ठरलं. यामिनी एक ट्रेन आधीची धरू लागली.

पहिल्या संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले आणि चित्रलेखाबाई तव्याशी उभ्या.

“आई, बसा.”

“हा एवढा फुलका टाकते नि आलेच.”

असा एकेक फुलका करत त्यांनी सगळ्यांची जेवणं उरकली. दुसऱ्या दिवशी यामिनीनं पोळपाटच सापडेनासा केला. पोळ्या तिनं सकाळीच करून, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या होत्या.

“गार पोळी वाढू मी तुम्हाला?” चित्रलेखाबाई कळवळून म्हणाल्या.

“वाढू नकोस. बस,” यतिन म्हणाला. “मायक्रोवेव्ह आहे. मला हात आहेत.”

त्या बसल्या, अगदी खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारख्या. आणि सगळ्यांच्या आधी त्यांचं ताट रिकामं झालं.

“आजी, तू रेस जिंकलीस,” ओवी म्हणाली. “हाउ डू यू इव्हन डू दॅट?”

सगळे हसले. चित्रलेखाबाईही हसल्या, पण उठताना त्यांचा हात खुर्चीवरच राहिला. पुन्हा बसल्या. एवढ्या घाईनं आपण कुणासाठी जेवतोय, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा आला. एक्स्चेंजमधली ती खुर्ची तर केव्हाच सुटली होती. नरेंद्रांची आठवण झाली, त्यांच्या हातातल्या संत्र्याची. ते गेल्यावर जेवताना त्यांना कुणी थांबवलंच नव्हतं.

पोट लगेच सुधारलं असं नाही. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा फुगलं. मुगाचं वरण पचलं; राजमा अंजूताईंच्या आग्रहानं खाल्ला, तो महागात पडला. जेवणानंतर त्या आणि यामिनी कोपऱ्यावरच्या पार्कपर्यंत चालून येऊ लागल्या. छातीतली जळजळ मात्र आधी कमी झाली, कारण आता झोपण्याआधी दोन-अडीच तास मध्ये जात. एका सकाळी त्यांनी आपणहून विचारलं, “यतिन, ॲडलेडला कधी निघायचं म्हणालास?”

निघायच्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धाच घेतला. यामिनी गाडीत शेजारी बसली आणि पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली.

“थांबावं लागेल गं मग.”

“थांबू. घाई कुणाला आहे?”

बॅलरॅट जवळ आलं तसा त्यांनी पदर आवळला. तो पंप गेला. त्यांनी बाटली उघडली आणि मोठा घोट घेतला, मग आणखी एक. हॉर्शमला थांबले, एका बाकावर बसून मेथीचे ठेपले खाल्ले, चावून. पुढे आणखी दोनदा थांबले. दोन्ही वेळा त्यांनी आधीच, मोकळेपणानं सांगितलं, आणि दोन्ही वेळा यतिन नुसतं “नो वरीज” म्हणाला. मॉसन लेक्सला पोचेतो ऊन उतरलं होतं.

बाळदादा दारात उभे होते, काठी टेकून. त्यांनी बहिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“वाळलीस की गं,” ते म्हणाले.

“तू कुठला पैलवान लागून गेलास?”

देवयानीनं ताटं मांडली होती. “आत्या, बाबा, यतिनदादा, तुम्ही बसून घ्या. मी वाढते, मी मागून बसते.”

चित्रलेखाबाईंनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली. “देवयानी, आधी बस. पातेलं टेबलावर ठेव, ज्याला पाहिजे तो घेईल.”

“अगं पण आत्या...”

“बस म्हणते ना.”

देवयानी बसली. बाळदादांचं जेवण आता फार सावकाश चालायचं. दात थोडे उरले होते आणि हात थरथरायचा. चित्रलेखाबाईंनी घास मोजूनमापून घेतला, तरी त्यांचं ताट आधी संपलंच. बाकीचेही हात धुवायला उठले. बाळदादांनी ओशाळून ताट पुढे सरकवलं, म्हणजे पुरे झालं.

“जेव की सावकाश,” त्या म्हणाल्या. “मी बसलेय.”

टोपलीत मँडरिन होती, इथली छोटी संत्री. त्यांनी एक उचललं, सोलायला घेतलं आणि साताऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये एकदा एका व्यापाऱ्याचा कॉल चुकून त्याच्या सासुरवाडीला कसा लागला होता, ते सांगायला सुरुवात केली. बाळदादांनी ताट परत जवळ ओढलं.