समोर नसलेली किल्ली

किल्ल्या बनवणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार कानस म्हणायचा. हातात कायम कानस असायची म्हणून, आणि बोलणंही तसंच खरखरीत होतं म्हणून. दुकान कसलं, दोन दुकानांच्या मधल्या फटीला शटर लावलेलं. डावीकडे टायरवाला, उजवीकडे सीटकव्हरवाला आणि मधे हा, कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या भिंतीला पाठ लावून. दुसरं गिऱ्हाईक आत आलं की पहिल्याला पोट आत घ्यावं लागायचं.

त्याची सगळी उमर एकाच सेडानच्या मागे गेली म्हणा ना. या गाडीची पहिली पिढी रस्त्यावर आली तेव्हा तिची किल्ली साधी धातूची होती. कोरी किल्ली कुलपात घालून हलवायची, बाहेर काढून उजेडात धरायची, आत जिथे अडलं तिथे बारीकसा डाग दिसतो, तेवढंच घासायचं. हे काम कानस गप्पा मारता मारता करायचा. मग दुसरी पिढी आली आणि किल्लीच्या डोक्यात चिप बसली. आता दात कितीही तंतोतंत कापा, दार उघडायचं, गाडी घुर्र करायची आणि लगेच मान टाकायची, कारण चिपची ओळख तिला पटलेली नसायची. बाजारातल्या बाकी किल्लीवाल्यांनी तिथेच हात टेकले. कानसने मशीन आणलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खोचायला शिकला, लोकांच्या चारदोन गाड्या बंद पाडून शिव्या खाल्ल्या आणि शेवटी तरबेज झाला. तिसऱ्या पिढीत किल्ली फिरवायचंच काम उरलं नाही. रिमोट खिशात ठेवा, बटण दाबा, चालू लागा. फक्त एक मेख होती. नवी किल्ली नोंदवताना जुन्या सगळ्या समोर हव्यात. जी समोर नसेल तिला गाडी त्या घडीपासून ओळखच दाखवत नाही.

म्हणून कानसचा नियम होता, सगळ्या किल्ल्या टेबलावर, मगच मशीनला हात. 'एक हरवली' असं कोणी म्हणालं की हा लगेच भुवया वर करायचा. एकदा एक बाप्या असाच आला होता, दुसरी किल्ली प्रवासात पडली म्हणून सांगत होता. कानसने इतके खोदून प्रश्न विचारले, की किल्ली पडली नसून धाकट्या भावाच्या खिशात आहे आणि गाडी दोघांत आहे, हे बाहेर आलंच. त्याला कानसने बाजार ऐकेल अशा आवाजात वाटेला लावलं. लोकांच्या घरात काय शिजतंय ते आपल्याला किल्लीवरून कळतं, असं तो नंतर कितीतरी दिवस ऐटीत सांगत होता. स्वतःच्या घरातलं कळून घ्यायला मात्र त्याने नकार दिला, आणि ही गोष्ट त्याच नकाराची आहे.

त्याला एकच मुलगी. बायको लवकर गेली, तेव्हा पोर शाळा सुटली की याच फटीत येऊन अभ्यासाला बसायची. शिकली, रक्ताचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये लागली, लग्न झालं. नवऱ्याकडे काही कमी नव्हतं, फक्त बायकोने घराबाहेर पडू नये एवढंच त्याच्या मनात होतं. लॅब गावाबाहेर हलली आणि तिची पाळी पहाटेची झाली. त्या वेळेला बस नसते. तिने स्वतःच्या पगारातून हप्ते भरून सेडान घेतली, तिसऱ्या पिढीची, पण कागदावर नाव नवऱ्याचं, कारण घरात तसंच ठरलं. तेव्हापासून रोज नवं निमित्त निघायचं. आज गाडी मला हवी, उद्या पेट्रोल कोण भरणार, परवा सासूबाईंना बरं नाही.

एका संध्याकाळी मुलगी बापाच्या दुकानात आली. आपली किल्ली काउंटरवर ठेवून तिने विचारलं, मी थोडे दिवस घरी येऊन राहू का. कामावर जाणं तिकडे आता जमू देत नाहीत, आणि काम सोडलं तर माझं मला म्हणून काही उरणारच नाही. कानसला काय झालं कोण जाणे. लोकांच्या घरात नाक खुपसणारा हा माणूस खाली मान घालून चिमट्याने टेबलावरचा कचरा वेचत राहिला. थोडं सांभाळून घे, म्हणाला. होईल सगळं नीट, म्हणाला. मुलगी चहा न घेता गेली.

पुढच्याच रविवारी सकाळी सेडान दुकानासमोर उभी राहिली आणि आतून जावई उतरला. हा एक चमत्कारच होता. लग्नात याच जावयाने चार पाहुण्यांना सासऱ्याची ओळख करून देताना 'ऑटो इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत' असं सांगितलं होतं, आणि त्यानंतर या गल्लीकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज तो तेलकट स्टुलावर बसला, काचेच्या ग्लासातला चहा प्याला, भिंतीवरच्या किल्ल्यांचं कौतुक केलं आणि कानसला 'बाबा' म्हणाला. कानस विरघळला. शेजारच्या टायरवाल्याला मुद्दाम हाक मारून त्याने जावईबापू आल्याचं सांगितलं.

काम किरकोळ होतं. एक नवी किल्ली नोंदवून हवी होती.

"दुसरी कुठे आहे?" कानसने सवयीने विचारलं.

"हरवली, बाबा. घरात शोधून थकलो."

भुवया वर जायला हव्या होत्या, गेल्या नाहीत. कानस गाडीत बसला, वायर खोचली. मशीनच्या पडद्यावर आलं, नोंदलेल्या किल्ल्या दोन. समोर होती ती एकच, जावयाची. मग पडद्यानेही बिचाऱ्याने आपलं काम केलं, समोर नसलेली किल्ली रद्द होईल, पुढे जायचं का, असं विचारलं. दुसरी किल्ली त्याच आठवड्यात आपल्या काउंटरवर पडली होती हे कानसला स्वच्छ आठवत होतं. बोट थोडा वेळ बटणाच्या वर तसंच राहिलं. गाडी नसली तर पोर घरी राहील, घरी राहिली तर धुसफूस थांबेल, आणि आपल्या दारात बॅग घेऊन उभी राहायची वेळ तिच्यावर येणार नाही, असा हिशेब त्याने तेवढ्यात केला. लाज वाटावी असा हिशेब होता, आणि तो मांडताना त्याला लाज वाटली नाही. बोट टेकलं. नवी किल्ली चालू झाल्याचा आवाज आला. जावई हसून पाठीवर थाप मारून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी चालत आली. खांद्याला फक्त पर्स होती. तिने रिमोट काउंटरवर ठेवला. कानसच्या तोंडातून सवयीचंच वाक्य निघालं, की रिमोटच्या आतली धातूची पाती ओढून काढ, दार तिने उघडतं.

"उघडलं," ती म्हणाली. "मग भोंगा वाजायला लागला. पहाटे सगळी इमारत खिडक्यांत आली. मी आत बसून बटण दाबत होते. तो खाली आला आणि डिकीतली माझी बॅग काढून वर घेऊन गेला. माझी सर्टिफिकेटं होती त्यात. आज ड्यूटी करून मी तुमच्याकडेच येणार होते, तुम्ही नको म्हणालात तरी."

कानस काहीतरी पुटपुटला. हरवली असं जावई म्हणाले, असं काहीसं.

"आणि तुम्हाला खरं वाटलं?"

शेजारी टायरवाल्याचा हातोडा चालू होता तो थांबला, आणि कानसला तो थांबायला नको होता. खोटं बोलायला ही जागा फार लहान होती.

"नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, गाडी नसली तर घर तरी टिकेल."

मुलगी रडली नाही, ओरडलीही नाही. यातलं एक जरी झालं असतं तर कानसला काहीतरी करता आलं असतं. त्याने घाईघाईने मशीन पिशवीत भरलं. आत्ता येतो, तुझी किल्ली परत नोंदवतो, बॅग मी स्वतः मागून आणतो, आणि तू आता घरी चल, असं एका दमात बोलला. मुलगी तोवर पायरी उतरली होती. लॅबमधल्या एका मैत्रिणीकडे राहते, एवढंच तिने सांगितलं.

"कुठे राहते ती? पत्ता तरी दे."

"पत्ता नाही देत, बाबा. तो इथे येऊन बसेल, चहा पिईल, तुम्हाला विचारेल. आणि तुम्ही सांगाल."

कानसने पिशवीत भरलेलं मशीन बाहेर काढून परत टेबलावर ठेवलं.