तळ्याच्या पाण्यात लाल झालेलं कपाळ

माघातला गारठा लोणारच्या तळ्यातून वर यायचा आणि ऊन चांगलं तापल्याशिवाय हटायचा नाही. त्या सकाळी धुकं अंगणापर्यंत आलं होतं. जनकाबाई उखळात हळद कुटत होती. नवरा गेल्यापासून ती जावेच्या घरात राबत होती. हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळ कोरं.

पण आज तिच्या तोंडावर हसू होतं. तिची लेक आशा दुसरबीडच्या अन्नपूर्णाबाईनं लेकासाठी पसंत केली होती. सांजेला साखरपुडा.

"तोवर तुमचं तयं तरी दाखवा," पाहुणी आलेली अन्नपूर्णाबाई म्हणाली.

जाऊ कौशल्याबाई उठली. "जनका, पायवाट तुले ठाऊक. चाल, मी बी येतो."

तिघी सीताफळीच्या झुडपांतून खाली तळ्याकडे उतरल्या. वानरं फांद्या हलवत पळाली. काठावर एक मोर पिसारा ओढत दगडामागं गेला. समोर हिरवं पाणी, वाऱ्यानं हलणारं, कडेला पांढरा खार आणि त्यात उभे लांब पायांचे पक्षी.

"समिंदर असाच असते का वो?" पाहुणीनं विचारलं.

"म्या कुठं पाह्यला माय?" जनका म्हणाली. "पन हे बी खारटच हाय. बहीण असन त्याची."

पाहुणी खळखळून हसली. एरवी जनका इथं सरपणाला यायची. आज रिकाम्या हातानं काठाकाठानं चालत होती, हा मोर दाखव, ती बगळी दाखव. ऊन चढून घाम आला तशी वाकली, ओंजळ भरली आणि तोंड धुतलं.

वर पाहिलं तर पाहुणीचं हसू गेलेलं.

"हे काय बाई? रांडमुंड बाईच्या कपायावर कुंकू?"

जनकानं तळवे पाहिले. लालभडक.

"हयद हाय वो! ह्या पाण्यात हयद लाल होते. पाहा." तिनं पदराला लागलेली हळद पाण्यात बुडवली. पदर लाल झाला. "पाह्यलं? सांगा ना बाई तुमी."

कौशल्याबाईचे असे किती पदर लाल झाले असतील. ती शांतपणे म्हणाली, "खरं हाय. लोणारातल्या लेकराले बी ठाऊक हाय."

जनकाचा जीव भांड्यात पडला.

"म्हनून तं म्हनतो," कौशल्याबाई म्हणाली, "हिले बी ठाऊकच होतं. हौस राह्यली असन बिचारीची."

"देवीशपथ, इसरली मी! आनंदात इसरली!"

"आनंद कायचा वो, रांडवपनात?" अन्नपूर्णाबाईनं पदर सावरला. "अशा मायची लेक मी घरात नेऊ?"

जनकानं तिचे पाय धरले. लाल हात पायाला लागले तशी पाहुणी चटका बसल्यागत मागं सरली.

चढताना दोघी पुढं चालल्या. "माही वच्छला बी लग्नाची हाय," कौशल्याबाई सांगत होती. "आशापेक्षा गोरी."

सांजेला वच्छलेच्या ओटीत साखर पडली. जनकाला माजघरात यायची बंदी होती. राखेनं घासून घासून तिचं कपाळ सोललं होतं. मागच्या दारी आशा पायरीवर बसलेली, सकाळचंच लुगडं अंगावर.

"काऊन धुतलं वो माय तोंड?"

आतून हसण्याचा आवाज आला, मग कौशल्याबाईची हाक: "जनका, गोठा तसाच हाय वो!"

"हाव," म्हणत तिनं टोपलं उचललं आणि शेण भरायला लागली.