सोबतीशिवाय दौंड

शनिवारी संध्याकाळी मोठे भावजी पुण्याहून आले की आमच्या ओट्यावर रस्त्यांच्या गप्पा सुरू व्हायच्या. मोठे भावजी म्हणजे माझे थोरले दीर, हडपसरच्या बाजूला एका कंपनीत कामाला. जाऊबाई, म्हणजे त्यांची बायको, आमच्यातच वडगाव रासाईला राहायच्या. आठवडाभर घरात पाणी, बैल आणि कांदा यापलीकडं बोलणं नसे. भावजी आले की मात्र कुठला रस्ता डांबरी झाला, कुठला अजून खडीवर आहे, कुठल्या धाब्यावरच्या रश्श्यानं डोळ्यातून पाणी काढलं, हेच चाले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ज्यांना त्यांची मुलं आबा म्हणत, बिडी विझवून पुढं सरकत. आमचे हे कोपऱ्यात बसून मान हलवत. आम्ही दोघी जावा आत चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकत असू.

काही गोष्टी दर शनिवारी सांगितल्या जात आणि तरी दर शनिवारी हसू येई. सोलापूर रस्त्यावर भांडगाव आहे. भावजी म्हणत, "तिथं उतरायचं तर आधी कंडक्टरशी भांडावं लागतं. त्याबगर तो घंटीच मारीत न्हाई." मग यवतची पाळी. "म्हातारा इचारतो, यवत कवा यवत? कंडक्टर म्हनतो, यवत यवत हाय, गप बसा." आमच्या गावाचीसुद्धा सुटका नव्हती. वडगाव नावाची गावं उदंड. आमच्या गावाला निघालेले एक पाहुणे पुण्याच्या स्टँडवर नुसती 'वडगाव' एवढी पाटी वाचून गाडीत बसले आणि मावळात जाऊन उतरले. "उतरून बघतो तर ऊस न्हाई, कांदा न्हाई, जिकडं बघावं तिकडं भात!" भावजी त्यांचा आवाज काढून सांगत. मामंजींना ठसका लागेस्तोवर हसू येई.

दौंडचं नाव निघालं की मात्र माझी भाकरी करपायची. दौंड माझं माहेर. वडील रेल्वेत खलाशी होते. ते गेल्यावर आई रेल्वे लाइनीच्या पाठीमागच्या वस्तीत एका खोलीत राहायची. आमच्याकडं सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. मला भाऊ नाही. त्यामुळं सासरच्या कुणा पुरुषाला सवड झाली तरच माझं दौंड व्हायचं. आणि सवड कशी होणार? कांदा काढायचा असे, ऊस तोडायचा असे, नाहीतर कुणाच्या लग्नाला जायचं असे. त्या वर्षी पावसाळ्याआधी आईला भेटले होते आणि आता थंडी सरत आली होती. आईचा निरोप आला होता, "एकदा येऊन जा, तोंड बघू दे."

मी एकटी जाते असं आमच्या ह्यांच्याकडून सासूबाईंच्या कानावर घातलं होतं. त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. आत्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आगं, तुझ्या तोंडातनं शब्द निघत न्हाई. वाट चुकलीस तर कुणाला इचारशील? आम्ही तुला कुठं हुडकायचं?"

त्यांचं खोटं नव्हतं. मी पहिल्यापासून बुजरी. मामंजींसमोर आणि मोठ्या भावजींसमोर तर पदर पुढं ओढून नुसती मान हलवायची. लग्नाला तीन वर्षं होत आली तरी भावजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. काही सांगायचं झालं तर मी जाऊबाईंच्या कानात सांगे आणि त्या ते गावभर ऐकू जाईल असं बोलत.

त्या शनिवारी वाद निघाला तो दौंडला जवळचा रस्ता कुठला यावर. भावजी म्हणाले, "शिरूरला जायचं, तिथनं दौंडची एसटी धरायची. ह्याच्याहून जवळचा रस्ता असंल तर दाखवा."

मी जाऊबाईंच्या कानाशी लागले. त्या तिथूनच ओरडल्या, "नदीवरनं जवळ पडतं! नावंनं पल्याड जायचं, केडगाव गाठायचं, आन् तिथनं आगगाडी!"

"कोण म्हनतं?"

"दौंडकरीण म्हनती."

घरात मला दौंडकरीणच म्हणायचे. भावजी हसून म्हणाले, "दौंडकरीण म्हनती व्हय? मग तिलाच बोलू दे की. माझ्या कानाला तिचा आवाज अजून ठावा न्हाई."

मी पिठात हात घालून बसून राहिले. मामंजींना मात्र खेळ सुचला. "उद्या ऐतवार हाय. दोघं भाऊ शिरूरवरनं जा, दोघी जावा नदीवरनं जा. आधी पोचंल त्याचं खरं."

जाऊबाई उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "मामा, आमी आधी पोचलो तर धाकलीला एकटीला माहेरी जाऊ द्यायचं. सोबत न्हाई, मुराळी न्हाई. हाय कबूल?"

मामंजींनी बराच वेळ बिडी शोधली. मग म्हणाले, "पोचनं येगळं आन् परतनं येगळं. जाऊन, येऊन दाखवा. मग बघू."

रात्रभर मला झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. चांगली गाढ झोपले. आईकडं जायचं होतं ना.

सकाळी आम्ही नदीवर आलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती. जाऊबाई जन्मात नावेत बसल्या नव्हत्या. पाय ठेवताच नाव हलली आणि त्यांनी नावाड्याच्या खांद्याला मिठी मारली. नावाडी म्हणाला, "बाई, मला सोडा, न्हाईतर वल्हं कोण मारनार?" अर्ध्या नदीत त्या डोळे मिटून मला शिव्या देत होत्या. पलीकडच्या वाळूत उतरल्यावर म्हणाल्या, "काय गं, संपली व्हय नदी?"

काठापासून थोडं चालल्यावर एका गुऱ्हाळापाशी केडगावला निघालेला ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत गुळाच्या ढेपा होत्या. जाऊबाईंनी ड्रायव्हरला दादा, भाऊ, बाबा असं सगळं म्हणून घेतलं आणि आम्ही ढेपांच्या मधे बसलो. केडगावला उतरलो तेव्हा आमच्या लुगड्यांना माश्या लागल्या होत्या. स्टेशनावर आलो तर पॅसेंजर येतच होती. मी तिकिटं काढली. खिडकीपाशी नुसतं "दौंड, दोन" म्हणायचं होतं, तेवढं म्हटलं.

आईच्या दारात पोहोचलो तेव्हा पुरुषांचा पत्ता नव्हता. आईनं मला धरून ठेवलं ते जाऊबाईंनी "मावशी, आमाला च्या तरी द्या" म्हणेपर्यंत सोडलं नाही. चहा झाला, जेवण झालं, भांडी घासून झाली, तेव्हा दोघं भाऊ आले.

"जयभीम, मावशी," भावजी दारातून म्हणाले आणि आम्हाला बघून थबकले. "ह्या काय उडत आल्या?"

"तुमी काय रांगत आला?" जाऊबाई म्हणाल्या.

आमच्या ह्यांनी खरं सांगून टाकलं. शिरूरच्या स्टँडबाहेर गरम भजी निघत होती. भावजी म्हणाले एक घाणा खाऊ. एकाचे तीन घाणे झाले आणि तेवढ्यात दौंडची गाडी निघून गेली. दुसरी गाडी यायला दुपार झाली.

भावजी हार मानणारे नव्हते. "ट्रॅक्टर घावला म्हनून आल्या. नशीब हाय ते. नशिबाच्या भरवशावर बाईमानसाला एकटं सोडत न्हाईत. आन् आबा काय म्हनले? परतनं येगळं. आता आगगाडीनं कसं जायचं ते मी दावतो. चला माझ्या मागनं."

ते हेच मामंजींना सांगणार, आणि मामंजी त्यांचंच ऐकणार, हे मला दिसत होतं. आईचा निरोप घेताना मी पुढच्या वेळी कधी येईन हे सांगू शकले नाही.

बेत असा होता की आम्ही तिघांनी केडगावला उतरायचं आणि भावजींनी तसंच पुढं पुण्याला जायचं. सोमवारी पहाटे त्यांची कंपनीत पाळी होती. चुकून चालणार नव्हतं. स्टेशनावर आलो तर एक गाडी सुटायच्या बेतात उभी. इंजिन धूर सोडत होतं आणि त्याचं तोंड पुण्याकडं होतं.

"आलीच की गाडी!" भावजी म्हणाले. "बघा इंजिन कुनीकडं हाय. ह्याला म्हनतात अक्कल." पिशवी घेऊन ते चढलेसुद्धा. आमचे हे त्यांच्या मागं चढले. जाऊबाई नळावर तांब्या भरायला गेल्या होत्या.

मी गाडीकडं बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. दौंडात इंजिनाच्या तोंडावर जायचं नसतं. पुण्याहून मनमाडला जाणारी गाडी दौंडात आली की तिचं इंजिन सुटतं, फिरून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी ज्या बाजूनं आली त्याच बाजूला माघारी निघते. थोडं गेली की वळून नगरची वाट धरते. आमच्या वस्तीत पोरं नव्या माणसाला ह्यावरूनच चिडवत. पुण्याहून आलेला माणूस खिडकीतून ओरडतो, "अरे, गाडी माघारी चालली!" आणि आम्ही रुळाच्या कडेला टाळ्या पिटायचो.

मी ह्यांना म्हटलं, "ही पुण्याला जात न्हाई." पण इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. जाऊबाई नळावरच्या बायकांशी बोलण्यात रंगल्या होत्या. गार्डानं शिट्टी मारली, हिरवं निशाण निघालं. आता सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"भावजी, उतरा!"

असा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. पदर डोक्यावरून कधी पडला ते कळलं नाही. पेरूवाली वळून बघायला लागली. हमाल थांबला. भावजी दारात येऊन इकडंतिकडं बघत म्हणाले, "कोन वरडलं?"

"मी वरडले! उतरा म्हनते ना! इंजिन फिरलंय, ही गाडी नगरला जाती!"

गाडी हलली. भावजींनी आधी पिशवी टाकली, मग स्वतः उडी टाकली. त्यांच्या पाठोपाठ आमचे हे उतरले. गाडी पुढं निघाली, आणि निघाली ती सरळ पुण्याकडं.

"बघ!" भावजी लाल झाले. "पुन्याकडंच चाललीया! घालवलीस ना गाडी? उद्याची पाळी आता तू भरणार हाईस का?"

जाऊबाई तांब्या घेऊन पळत आल्या. पुरुष, बायका, हमाल, सगळे माझ्याकडं बघत होते. मी पदर सावरला, पण मान खाली घातली नाही. हात करून म्हटलं, "धुराकडं बघा."

धूर सरळ जात राहिला. जरा वेळानं तो उजवीकडं झुकला. मग आणखी वळला आणि नदीच्या पुलाच्या दिशेनं, नगरच्या अंगाला निघून गेला.

हमाल हसला. "पाव्हणं, बाईनं वाचिवलं तुमाला. राती मनमाडला काय करत बसला असता?"

भावजींनी पिशवीची धूळ झटकली. बराच वेळ झटकली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आसा आवाज हाय व्हय तुझा? आन् येवढी वर्सं कुठं ठिवला हुतास?" आणि ते स्वतःच हसत सुटले. जाऊबाईंनी तांब्यातलं निम्मं पाणी माझ्या अंगावर सांडलं, इतक्या हसत होत्या.

पुण्याची गाडी थोड्या वेळानं आली. डब्यात भावजींनी ओळखपाळख नसलेल्या माणसांनाही सगळी हकिकत सांगितली, स्वतःचं सोंग काढून. केडगावला आम्ही उतरलो तेव्हा ते खिडकीतून ह्यांना ओरडून म्हणाले, "आबाला सांग, दौंडकरणीला सोबत नको. मला दौंडला जायचं झालं तर मीच हिला मुराळी म्हनून घिऊन जाईन!"

अंधार पडायच्या आत आम्ही नावेनं नदी ओलांडली. मामंजी ओट्यावर वाट बघत होते. ह्यांनी सगळं सांगितलं आणि भजी वगळली. भजी जाऊबाईंनी सांगितली. मामंजी नेहमीसारखं जाऊबाईंकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, "खरं व्हय गं? वरडलीस?"

"व्हय, मामा," मी म्हटलं.

आत्या आतून बाहेर आल्या. "कशी वरडलीस? दाव बरं."

ते काही मला जमलं नाही. सगळे हसले, मीही हसले. मामंजी म्हणाले, "जात जा कवाबी. माझं काई म्हननं न्हाई. सांगून जा, म्हंजी झालं."

कांदा निघाल्यावर मी गेले, एकटी. नाव, मग बैलगाडी, कारण त्या दिवशी ट्रॅक्टर नव्हता, मग आगगाडी. बैलगाडीवाल्याला मीच विचारलं आणि रस्ताभर त्याच्याशी थोडं बोलले, अगदी थोडं.

आईनं दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून गल्लीत बघितलं. "कोन आलंय सोडायला? हिकडं बलाव की."

"कुनी न्हाई, आई. मीच आले."

तिनं पुन्हा एकदा गल्लीत दोन्ही बाजूंना बघून घेतलं. मग मला आत घ्यायचं सोडून तीच बाहेर आली आणि शेजारणींची दारं वाजवायला लागली. "आगं ए, बाहेर या! माझी लेक आली! वडगाव रासाईवरनं, नदी वलांडून, एकटी आली!"

बायका बाहेर यायला लागल्या. एरवी मी लाजून आत पळाले असते. त्या दिवशी दारात उभी राहिले आणि सगळ्यांना बघू दिलं.