छातीवरचा हात

केळीचा घड कापला की त्या ओल्या, तुरट चिकाच्या वासाने माझं काळीज अजून धडधडतं, कारण दहावीत असताना कवितावाचनाच्या जिल्हा स्पर्धेला मी केळीच्या टेम्पोतून जळगावला गेले होते. एसटी चुकली होती, मराठीच्या बाई आधीच पुढे गेल्या होत्या. टेम्पोवाले भाऊ धुळ्याकडचे, वाटभर विचारत होते, "ताई, तुले बठ्ठी कविता पाठ शे ना?" मग केबिनमध्ये ठेवलेला एक घड मांडीवर धरून मी त्यांना अख्खी कविता तीनदा ऐकवली, तीही ओरडून! सभागृहात माझा नंबर यायला दोन मुली उरल्या, तेव्हा पाहिलं, पांढऱ्या कुर्त्यावर छातीशी चिकाचा डाग काळा पडत चाललेला. केळीच्या गावात वाढून मी घड कवटाळून बसले होते! बाईंनी महिनाभर बसवून घेतलेले हातवारे राहिले बाजूला. उजवा हात डागावर घट्ट दाबून मी नुसत्या आवाजावर कविता म्हटली. समोरून बाई खुणा करकरून थकल्या. कविता संपली आणि टाळ्या अशा पडल्या की मी हात काढायचंच विसरले. पहिला नंबर! परीक्षकांनी कौतुकाने विचारलं, "एकही हातवारा न करता, काळजावर हात ठेवून म्हणायचं, हे हिला कुणी शिकवलं?" बाई ताडकन उठून म्हणाल्या, "मीच." आता कधीकधी मीही परीक्षक असते, आणि एखादी मुलगी छातीवर हात ठेवून उभी राहिली, की माझे डोळे आधी डाग शोधतात.