ओ गटाची आई, बी गटाचं बाळ

ती केस आजही डोळे मिटले की आठवते, आणि तिच्यामागं धुक्यात हलणारे उसाचे तुरे दिसतात. थंडीतली सकाळ. आष्ट्याजवळच्या आमच्या पोलीस ठाण्याच्या बाकावर एक बाई तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. घटकाभर मलाच कळेना, मी ड्यूटीवर आहे की झोपेत.

आदल्या दिवशी निनावी फोन आला होता, दवाखान्यातल्या आयानं पोर बदललं म्हणून. बाकावरच्या बाईच्या नवऱ्याची तक्रारही तीच. त्याचं रक्त ओ, बायकोचं ओ, बाळाचं मात्र बी. ओ-ओच्या पोटी बी येत नाही, हे त्याला कुणीतरी पढवलं होतं. अर्धी अक्कल फार मोठ्यानं बोलते.

आयाला बोलावून उलटसुलट विचारलं. बाई बधली नाही. त्या दिवशी बाळंतपणच एक झालं, तर बदलणार कुणाशी? तपासात ते खरं निघालं. आया सुटली, पण संशय सुनेवर घसरला. हिला लेकरासकट बाहेर काढा, असं सासू चारचौघांत म्हणाली. मला लय राग आला, पण रागानं तपास होत नाही.

संमती घेऊन तिघांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भलतंच विचारलं, सुनेचे आईवडील नात्यातले का? आमच्याकडं त्यात नवल ते काय! तिच्या बापानं मामाचीच मुलगी केली होती, आजोबानंही.

तिचं रक्त ओ वाटे, पण ओ रक्तात मिसळलं की गुठळ्या होत. मग त्यातलं जनुक वेगळं काढून, त्याच्या प्रती वाढवून वाचलं. बी गटाचं जनुक तिच्यात होतंच. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात, तो पाया मात्र तिला आईकडूनही मिळाला नव्हता आणि बापाकडूनही. बाळाला तो आपल्या बापाकडून मिळाला, आणि आईकडून आलेला बी त्याच्यात उघडा झाला. डीएनए तपासणीतही बाळ दोघांचंच ठरलं.

अहवाल आला त्या दिवशी तिघांना ठाण्यात बोलावून वाचून दाखवला. तिला साधं ओ रक्त कधी चढवलं तर जीव जाईल, हेही बजावलं. नवऱ्याचा चेहरा पडला. ती शांतपणे म्हणाली, "सायेब, लेकरू कुणाचं ते मला ठावं हुतं. इचारलं कुनी न्हाई."

पुराव्याशिवाय मी कधी कुणाचं मानलं नाही, अजूनही मानणार नाही. पण अर्धवट पुरावा माणसाला घराबाहेर काढतो, हे त्या दिवशी शिकलो.

नवऱ्यानं बाळासाठी हात पुढं केले. तिनं दिलं नाही, आणि मीही दे म्हणालो नाही.